शहराचा आराखडा रंगवण्याआधी: नकाशांचे थर एकावर एक ठेवले की काय कळतं

शहराचा विकास आराखडा, म्हणजे डीपी, प्रसिद्ध झाला की लोक त्यात सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधतात: आपल्या सर्व्हे नंबरवर कोणता रंग पडलाय? पिवळा, म्हणजे निवासी, असेल तर जीव भांड्यात पडतो. हिरवा, म्हणजे शेतीचा किंवा बांधकामाला मनाई असलेला, असेल तर चेहरा उतरतो. आरक्षण, म्हणजे रस्ता, शाळा, मैदान अशा सार्वजनिक कामासाठी जागा राखलेली, दिसलं तर त्याच संध्याकाळी वकिलाला फोन जातो. यात चूक काहीच नाही, कारण गुंठ्याचा भाव त्या रंगावर ठरतो. पण तो रंग तिथे कशाच्या आधारावर आला, हे विचारणारे फार थोडे. खरं तर आपल्या सोसायटीत पुराचं पाणी शिरणार का, मुलांना चालत जाता येईल अशी शाळा मिळणार का, मागची टेकडी शाबूत राहणार का, हे सगळं त्या आधारावरच ठरत असतं.

तो आधार म्हणजे नकाशांमध्ये भरलेली माहिती. आज ती ज्या पद्धतीने साठवतात आणि तपासतात, तिला जीआयएस म्हणतात, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. नाव जड आहे, पण आतलं काम समजायला सोपं आहे आणि ते प्रत्येक शहरवासीयाला समजायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कागदावरचा नकाशा हे चित्र असतं. त्यात निळी रेघ दिसली की आपण म्हणतो, हा ओढा. रेघेला आणखी काही विचारता येत नाही. जीआयएसमध्ये त्याच रेघेला माहितीचा तक्ता जोडलेला असतो: ओढ्याचं नाव, पात्राची रुंदी, कोणत्या गटांतून जातो, मोजणी कधी झाली, कुठे पाइपात घातलाय. इमारतीच्या चौकोनामागे मजले, वापर, बांधकामाचं साल. प्रत्येक विषयाचा थर वेगळा असतो: रस्ते, इमारती, जमिनीची उंची, ओढेनाले, मालकीच्या हद्दी, शाळा, जलवाहिन्या. हे थर एकावर एक ठेवले की प्रश्न विचारता येतात. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीच्या पुराची हद्द दाखवणाऱ्या रेषेच्या, आत २०१० नंतर किती इमारती उभ्या राहिल्या? खेळाच्या मैदानासाठी राखलेल्या जागांपैकी किती जागांवर आज पक्की घरं आहेत? कागदी नकाशे घेऊन बसलं तर याला महिने लागतील आणि तरी उत्तराची खात्री नाही. थर नीट असतील तर काही मिनिटांत यादी हातात येते.

ही कल्पना जन्मालाच आली जमीनवापराच्या प्रश्नातून. १९६०च्या दशकात कॅनडा सरकारला आपल्या अवाढव्य देशातली जमीन कशासाठी योग्य आहे याची नोंद करायची होती आणि रॉजर टॉम्लिन्सन यांनी त्यासाठी संगणकावर पहिली अशी प्रणाली उभी केली. त्याच सुमारास अमेरिकेत इयान मॅकहार्ग पारदर्शक कागदांवर उतार, माती, पाणी, जंगल असे वेगवेगळे नकाशे काढून ते एकावर एक ठेवत आणि रस्ता किंवा वसाहत कुठे नको ते दाखवत. ‘कुठे नको’ हे आधी ठरवायचं, हा त्यांचा आग्रह होता. त्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण आपल्याकडे नेमकं तेच निसटतं.

आज काय आहे, हे आधी नोंदवा

महाराष्ट्रात शहराचा आराखडा ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६’ या कायद्याखाली होतो. नियोजन खात्यात आणि वकिलांत त्याला सरळ ‘एमआरटीपी’ म्हणतात. पालिका आधी आराखड्याचा इरादा जाहीर करते. मग कलम २५ प्रमाणे हद्दीतल्या सगळ्या जमिनीचं सर्वेक्षण करून विद्यमान जमीनवापराचा नकाशा तयार करावा लागतो. त्यानंतर प्रारूप आराखडा, त्यावर हरकती-सूचना, सुनावणी, आणि शेवटी शासनाची मंजुरी. वीस वर्षांतून एकदा तरी आराखडा सुधारायचा, असं कायदा सांगतो.

सगळी भांडणं प्रारूप आराखड्यावर होतात. माझं मत असं की खरी लढाई त्याच्या आधीच्या पायरीवर असते. विद्यमान जमीनवापराच्या नकाशात जे दिसलं नाही, ते नियोजनकारासाठी नसतंच. ओढा दाखवायचा राहिला तर त्याच्यावरून रस्ता जाईल. चाळीस वर्षं चाललेली शाळा ‘निवासी’ म्हणून रंगवली तर नव्या शाळेचं आरक्षण भलतीकडेच पडेल.

मुंबईने याची मोठी किंमत मोजली. २०३४ पर्यंतच्या आराखड्याचं प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं आणि हरकतींचा पाऊस पडला. उभ्या इमारतींमधून रस्ते गेलेले होते, वारसा वास्तूंच्या नोंदी गळालेल्या होत्या, एका वापराची जागा दुसऱ्याच नावाने दाखवलेली होती. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने ते प्रारूप बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितलं. सुधारलेला मसुदा मे २०१६ मध्ये आला, आणि आराखडा अमलात यायला १ सप्टेंबर २०१८ उजाडला. एवढ्या मोठ्या शहराची ही वर्षं गेली. त्यातल्या कितीतरी चुका धोरणाच्या नव्हत्या, नोंदीच्या होत्या. वॉर्डातल्या रहिवाशाला त्या रस्त्यावरून फिरताना पाच मिनिटांत दिसल्या असत्या.

उपग्रहाचं चित्र इतकं स्वच्छ असताना अशा चुका होतात कशा, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की वरून छप्पर दिसतं, छपराखाली काय चालतं ते दिसत नाही. तळमजल्याला दुकानं, वर क्लास, त्याच्यावर राहती घरं, मागे छोटा कारखाना, अशी इमारत आपल्या शहरांत गल्लोगल्ली आहे. नकाशात तिला एकच रंग मिळतो. म्हणून उपग्रहाच्या चित्रावरून हद्दी आखल्या तरी माणसाने टॅब हातात घेऊन गल्लीतून चालत जाऊन वापर नोंदवणं टळत नाही. हे काम कंटाळवाणं असतं, त्यासाठी पैसे कमी धरलेले असतात आणि मुदत संपत आली की सगळ्यात आधी त्यालाच कात्री लागते. शहरांच्या पायाभूत सुविधांसाठीच्या केंद्राच्या अमृत योजनेत ५०० शहरांसाठी जीआयएसवर आधारलेले आराखडे १:४००० या प्रमाणात करायचं ठरलं. म्हणजे नकाशावरचा १ सेंटिमीटर जमिनीवरचे ४० मीटर. यातला पायाभूत नकाशा उपग्रहावरून मिळेल, पण घरोघरचा वापर पायानेच गोळा करावा लागेल.

गुंठा आणि पिक्सेल

आता दुसरी अडचण. जमिनीवर काय आहे ते उपग्रह किंवा ड्रोन सांगतो. जमीन कोणाची, हे सांगतो गावनकाशा आणि सातबारा. आराखड्याला दोन्ही लागतात आणि हे दोन थर एकमेकांवर सहसा बसत नाहीत.

कारण समजून घ्यायचं तर गावनकाशा कसा तयार झाला ते पाहावं लागेल. ब्रिटिशकाळातल्या मुंबई इलाख्यात मोजणी झाली ती साखळीने. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ भाग, त्यांना आणे म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट: हाच आपला गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. अनेक गावनकाशे १ इंचाला २० साखळ्या, म्हणजे ६६० फूट, या प्रमाणात काढलेले आहेत. अशा नकाशावर अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर जवळजवळ ४ मीटरचा पट्टा व्यापते. त्यात कागद दमट हवेने ताणला गेला, घडीवर झिजला, मग त्याची नक्कल झाली, नकलेचं स्कॅन झालं. ते स्कॅन संगणकात उपग्रहाच्या चित्रावर बसवायला गेलं की कुठे बांध दहा-पंधरा फूट सरकतो, तर कुठे अख्खा गट तिरका होतो.

ज्यांनी ती मोजणी केली त्यांचं काम कमी दर्जाचं होतं असं मुळीच नाही. शेतसारा ठरवण्यासाठी केलेली ती मोजणी त्या कामाला पुरेशी होती. आता त्याच रेघांवर आपण फ्लॅटच्या किमतीचे आणि रस्तारुंदीचे निर्णय लादतो आहोत. डीपी रस्त्याची कड चार मीटर इकडची तिकडे झाली तर एखाद्याची पुढची खोली जाते.

वरून मिळणाऱ्या माहितीलाही तिची मर्यादा आहे. जमिनीच्या उंचीची जी माहिती जगभर फुकट मिळते, ती बहुतेक ३० मीटरच्या चौकोनांत, म्हणजे पिक्सेलमध्ये, असते. ३० बाय ३० मीटर म्हणजे ९०० चौरस मीटर, जवळपास नऊ गुंठे. या नऊ गुंठ्यांना मिळून उंचीचा एकच आकडा! डोंगररांग ओळखायला हे चालेल, पण सहा मीटर रुंदीचा नाला त्यात हरवून जातो. शहराच्या नियोजनाला ड्रोन किंवा लेसरने मोजलेली, मीटरच्या आतली उंची हवी. म्हणून ‘आमचा आराखडा जीआयएसवर केलाय’ असं कोणी सांगितलं की पुढचा प्रश्न विचारावा: उंचीची माहिती किती मीटरची आणि कोणत्या सालची?

परिस्थिती सुधारते आहे, हेही सांगायला हवं. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होते आणि घराला मिळकत पत्रिका मिळते. गावठाण हा आपल्या नकाशांतला सगळ्यात मोठा कोरा तुकडा होता. शेताचा प्रत्येक गट मोजलेला, पण गावठाणाच्या आत कोणाचं घर कुठे संपतं याची अनेक ठिकाणी नोंदच नाही. उद्या ही गावं पालिकेच्या हद्दीत येणार. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली, तशी. तेव्हा तिथला पहिला थर तयार असेल. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांच्या माहितीवरचे बरेच जुने निर्बंधही काढले, त्यामुळे भारतीय संस्थांना अचूक नकाशे तयार करायला पूर्वीइतक्या परवानग्या लागत नाहीत.

पाणी कुठून जाणार, हे उंची सांगते

आंबील ओढ्याचं उदाहरण घेऊ. कात्रजच्या डोंगरातून निघणारा हा ओढा कात्रजच्या तलावांतून उतरतो, धनकवडी, सहकारनगर, पर्वती, दत्तवाडी असा पुण्याच्या दाट वस्तीतून वाहतो आणि मुठेला मिळतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात याच ओढ्यावर कात्रजला तलाव बांधून पाणी निव्वळ उताराच्या बळावर शनिवारवाड्यापर्यंत आणलं होतं. त्या कारागिरांना या खोऱ्याचा उतार किती नेमका कळला असेल!

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला. ओढा पात्र सोडून सोसायट्यांत शिरला, सीमाभिंती कोसळल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या, अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं दगावली. पुणे परिसरात त्या पुराने वीसहून अधिक जीव घेतले. पाणी भलत्याच वाटेने आलं असं त्या रात्री अनेकांना वाटलं. जमिनीच्या दृष्टीने ते आपल्याच वाटेने आलं होतं.

ही वाट संगणकावर शोधायची रीत सुंदर आहे. उंचीचा थर म्हणजे चौकोनांची जाळी, प्रत्येक चौकोनाला उंचीचा आकडा. एका चौकोनाभोवती आठ शेजारी असतात. त्यांतल्या सगळ्यात खालच्या शेजाऱ्याकडे पाणी जाणार, एवढाच नियम. संगणक हा नियम प्रत्येक चौकोनाला लावतो आणि मग मोजतो की एकेका चौकोनात वरच्या किती चौकोनांचं पाणी येऊन पोचतं. टेकडीच्या माथ्यावर हा आकडा शून्य. खाली येता येता शेकडा, हजार, लाख. ज्या चौकोनांचा आकडा मोठा, ते एका रेषेत लागलेले दिसतात आणि पडद्यावर ओढ्यांचं जाळं उमटतं. यात कोणी ओढा काढलेला नसतो. तो उंचीतून आपोआप निघतो.

आता या रेषांवर इमारतींचा थर ठेवा. जिथे रेष इमारतीखालून जाते, तिथे ओढा बुजवलाय, वळवलाय किंवा पाइपात कोंबलाय. मग तिसरा थर, रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोऱ्या आणि कल्व्हर्ट यांचा. वरून येणारं पाणी किती आणि मोरीचं तोंड केवढं, हा हिशोब प्रत्येक ठिकाणी करता येतो. एक हेक्टर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १० लाख लिटर पाणी होतं, म्हणजे १० हजार लिटरचे १०० टँकर. जमीन उघडी असेल तर त्यातलं बरंचसं मुरतं आणि उरलेलं रेंगाळत खाली येतं. तिथे सिमेंटचे रस्ते, पार्किंग आणि छपरं झाली की जवळजवळ सगळं पाणी एकदम निघतं. खोऱ्याच्या वरच्या भागात शेतीचा निवासी झोन करणं म्हणजे खालच्या वस्तीतल्या मोरीवरचा भार वाढवणं आहे, हे त्या झोनबदलाच्या कागदावर कुठेही लिहिलेलं नसतं. थर जोडले तर ते आकड्यांत दिसतं. माझ्या मते प्रत्येक मोठ्या झोनबदलाच्या प्रस्तावासोबत हा हिशोब सक्तीचा असायला हवा.

नद्यांसाठी आपल्याकडे पूररेषा आखतात. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्ही काठांवरच्या निळ्या रेषांमधला भाग निषिद्ध क्षेत्र. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळी आणि लाल यांमधलं ते नियंत्रित क्षेत्र, तिथे अटी घालून बांधकाम होऊ शकतं. ‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ मात्र नीट समजून घ्या. आज पूर आला म्हणजे पुढची २५ वर्षं निर्धास्त, असं नाही. दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता २५ मध्ये एक, इतकाच त्याचा अर्थ. लागोपाठ दोन वर्षंही येऊ शकतो.

सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात: ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कोणत्या फुटाला पाणी कुठे येतं हे सांगलीकरांना तोंडपाठ असतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर ही नावं दर पावसाळ्यात आधी ऐकू येतात. हे ज्ञान फार मोलाचं आहे. पुलावरची एकेक फुटाची पातळी आणि त्या दिवशी पाणी पोचलेली गल्ली यांची जोडी नकाशात भरत गेलं तर संगणकाच्या अंदाजाला जमिनीवरचा दाखला मिळतो. भिंतींवर राहिलेल्या पुराच्या खुणा नव्या रंगाखाली जायच्या आत मोजून ठेवल्या पाहिजेत. यासाठी लागतो तो मोबाइल, मोजपट्टी आणि चार दिवस फिरायला तयार असलेली कॉलेजची मुलं.

टेकडीचा उतार, आधीचा आणि नंतरचा

उंचीच्या त्याच जाळीतून उतारही निघतो. १:५ पेक्षा जास्त उतार असेल, म्हणजे पाच मीटर पुढे जाताना एक मीटरपेक्षा जास्त चढ असेल, तर तिथे बांधकामाला बंदी, हा पुण्याच्या टेकड्या वाचवणारा महत्त्वाचा निकष. १९९७ मध्ये (२०२१ मध्ये नव्हे) हद्दीत आलेल्या २३ गावांतल्या ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं, आरक्षण आहे.

इथे एक पळवाट आहे. टेकडी जेसीबीने फोडली, सपाट केली, की मोजणीत उतार कमी भरतो. मोजणी खोटी नसते, टेकडीच बदललेली असते. म्हणून कोणत्या तारखेची उंची धरायची, हा तांत्रिक वाटणारा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो. अंतराळयानातून रडारने जगाच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली गेली ती फेब्रुवारी २००० मध्ये. तो थर भरड आहे, गटाच्या पातळीवरचा वाद त्यावर सुटणार नाही, पण त्यानंतर झालेली मोठी टेकडीफोड त्याच्याशी ताडून ओळखता येते. त्याहून जुने पुरावे म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचे टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारे नकाशे. त्यांतल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, फुटण्याआधीची टेकडी दाखवतात आणि बुजण्याआधीचे ओढेही. शहरांनी आराखड्यात ‘उतार मोजण्यासाठी अमुक सालची उंची धरली जाईल’ असं एक वाक्य घालून ती माहिती सगळ्यांसाठी खुली केली, तर टेकडीफोडीतला निम्मा रस संपेल.

गुण द्यायचे की नकार द्यायचा

थर तयार झाले की नवी वसाहत कुठे व्हावी हे ठरवायला गुणांची पद्धत वापरतात. प्रत्येक थराला वजन देतात, प्रत्येक जागेला गुण, मग बेरीज. ऐकायला अगदी न्याय्य वाटतं. करून पाहू.

समजा रस्त्याला ३० गुण, उताराला २०, पाणीपुरवठा आणि ड्रेनेजला २०, पुरापासून सुरक्षिततेला ३०. नदीकाठची सपाट जागा घ्या. शेजारून मोठा रस्ता, म्हणून ३०. सपाट, म्हणून २०. पाइपलाइन जवळ, म्हणून २०. पूररेषेच्या आत, म्हणून शून्य. बेरीज ७०. आता माळावरची जागा. रस्ता जरा लांब, १५. थोडा चढ, १५. पाइपलाइन दूर, ५. पुराचा धोका नाही, पूर्ण ३०. बेरीज ६५. संगणकाने नदीकाठची जागा निवडली! पाण्याखाली जाणारी जमीन पहिली आली आणि हिशोबात एकही चूक नाही.

चूक आहे ती पुराला इतरांच्या रांगेत बसवण्यात. काही थर गुणांचे नसतातच. निळ्या रेषेच्या आतली जमीन, ओढ्याचं पात्र, तीव्र उतार, दरडप्रवण पट्टा: हे सगळे नकाराचे थर. ते आधी वजा करायचे आणि उरलेल्या जमिनीवरच गुणांचा खेळ मांडायचा. मॅकहार्ग यांचं ‘आधी कुठे नको ते पाहा’ हे इथे लागू पडतं. आराखड्याच्या अहवालात अशी कोष्टकं असतात. पूर किंवा उतार या शीर्षकासमोर टक्केवारी दिसली, तर तिथे थांबा. जिवाच्या धोक्याची भरपाई चांगल्या रस्त्याने होत नाही.

नकाराचे थर वजा केल्यावर मात्र गुणांची पद्धत कामाला येते. शाळा, दवाखाना, बाग कुठे कमी पडतात हे तिच्यातून चांगलं दिसतं. एकच काळजी घ्यायची: अंतर रस्त्याने मोजायचं. बागेभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढलं की आत येणारी सगळी घरं ‘बागेची सोय असलेली’ म्हणून मोजली जातात. मधून रेल्वेची लाइन गेली असेल आणि पादचारी पूल दीड किलोमीटरवर असेल, तर पलीकडच्या आजींना ती बाग नसल्यातच जमा. रस्त्यांच्या थरावरून चालण्याचं खरं अंतर काढणं संगणकाला मुळीच अवघड नाही. तरीही वर्तुळं काढली जातात, कारण ती पटकन निघतात आणि सोयीचा आकडा फुगलेला दिसतो.

नकाशा तपासायचा कसा

पालिका आराखडा पीडीएफमध्ये देते. ते चित्र झालं. त्याला प्रश्न विचारता येत नाहीत. थर जसेच्या तसे, संगणकात उघडतील अशा फाइलींमध्ये लोकांना मिळाले पाहिजेत, ही मागणी प्रत्येक शहरातून व्हायला हवी. ही माहिती सगळ्यांच्या पैशांतून तयार होते. ती मोजक्यांच्या हाती राहिली की कोणता हिरवा पट्टा पिवळा होणार हे त्यांना आधी कळतं, आणि शेतकरी जुन्या भावाने जमीन विकून बसतो.

तोवर हातात आहे त्यावरही बरंच होतं. आपला गट राज्य सरकारच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर पाहता येतो. त्याच जागेची उपग्रहचित्रं इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर आहेत, आणि गुगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची चित्रं सरकवत नेली की ओढा कधी अरुंद झाला, टेकडी कधी कापली ते साल सापडतं. क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर घेऊन हे सगळं एकावर एक ठेवता येतं. घरातली कॉलेजात शिकणारी मुलगी आठवड्याभरात एवढं शिकते.

मग प्रारूपावर हरकत घ्यायची. मुदत साधारण ३० दिवसांची असते, त्यामुळे तयारी विद्यमान जमीनवापराचा नकाशा आल्यापासूनच सुरू करावी. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढं लिहिलेली हरकत सुनावणीत टिकत नाही. गट नंबर, जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख असलेला फोटो, टोपोशीटवरचा ओढा आणि त्याच ठिकाणचं आजचं चित्र शेजारी शेजारी लावावं. नेमकं वाक्य लिहावं: ‘विद्यमान जमीनवापर नकाशात या गटातला ओढा दाखवलेला नाही, तो दाखवून त्यावरचा प्रस्तावित रस्ता बदलावा.’ सोबत दोन लेखी प्रश्न विचारावेत: पूररेषा कोणत्या सालच्या सर्वेक्षणावर आखली आहे, आणि उंचीची माहिती किती मीटरची आहे. एकाच ओढ्याकाठच्या सोसायट्यांनी आणि वस्त्यांनी एकच नकाशा जोडून वेगवेगळ्या हरकती दिल्या तर हरकती ऐकणाऱ्या समितीला तो मुद्दा उडवून लावणं जड जातं. अर्ज देताना नकाशाच्या दोन प्रती न्याव्यात, एक कार्यालयात द्यायला आणि दुसरी आवक-जावकचा शिक्का मारून परत आणायला. सुनावणीला ती शिक्क्याची प्रत लागतेच.